वायर गेली, खरखर राहिली

पूर्वी भर सभेत लाउडस्पीकरमधून अचानक ‘टर्र-टर्र’ व्हायचे आणि पाठोपाठ कुणाचा तरी मोबाइल वाजायचा. टू-जी फोनची सेकंदाला २१७ वेळा होणारी उघडझाप अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरत असे. आता बिनतारी चार्जिंगमुळे ते दुखणे परत येणार का, असे साउंडवाले विचारू लागले आहेत. थोडेफार येईल, पण त्यांनी फार घाबरू नये.

फोन ज्या चकतीवर ठेवतात तिची कॉइल साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झवर चालते. माणसाच्या कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंतच. गोम वेगळीच आहे. ‘क्यूआय’ (Qi) या बिनतारी चार्जिंगच्या रूढ पद्धतीत फोन चार्जरला ‘आणखी दे’, ‘आता पुरे’ असे निरोप त्याच चुंबकीय क्षेत्रातून, सेकंदाला २,००० बिटांच्या वेगाने धाडतो. हा चढउतार ऐकू येण्याच्या टप्प्यातला. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप किंवा श्रवणयंत्रातली टेलिकॉइल तर चुंबकीय क्षेत्र टिपण्यासाठीच बनवलेली. मागच्या अ‍ॅम्प्लिफायरने त्यातला चढउतार सुटा केला की टिकटिक सुरू. पण कॉइलपासून जरा दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले की क्षेत्र जवळपास एक अष्टमांश उरते. म्हणजे मिक्सरच्या उशाला फोन चार्जिंगला लावू नये, बॅलन्स्ड केबल वापरावी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते.

खरा फटका मिडियम वेव्ह रेडिओला आहे. त्याला हातभर सरकण्याचा उपाय पुरत नाही. कॉइलच्या मूळ कंपनांच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनेही थोडीफार बाहेर पडतात. १५८.४ किलोहर्ट्झची पाचपट ७९२, म्हणजे नेमके आकाशवाणीचे पुणे केंद्र! फोनची चकती पाच-पंधरा वॅटची, म्हणून आज निभावते. मोटारींच्या बिनतारी चार्जिंगचे मानक मात्र ८५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि ११ किलोवॅटपर्यंत जाते. बीबीसीच्या अभियंत्यांनी या व्यत्ययाचे गणित मांडले आहे. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेपुढेही हा विषय होता.

रेडिओ ऐकतो कोण, असे म्हणणाऱ्यांनी पुरात मोबाइलचे टॉवर बंद पडतात तेव्हा बातमी कशावर ऐकणार तेही सांगावे. मोटारी चार्ज करणारे पॅड पार्किंगच्या फरशीखाली गाडले गेल्यावर तक्रारी घेण्यात अर्थ नाही. मूळ कंपनांबरोबर त्यांच्या पटींचीही चाचणी झाल्याशिवाय दूरसंचार विभागाने मोटारींच्या पॅडना वाट देऊ नये, आणि आपल्या श्रोत्यांसाठी हा आग्रह आकाशवाणीने धरावा. सोसायटीच्या सभेत असा पॅड बसवण्याचा ठराव आलाच, तर सभासदांनी दरपत्रकाबरोबर त्या चाचणीचा अहवालही मागून घ्यावा.