माळ्यावरची थंडी आणि गोधडीची खोळ

एका भगिनीने लिहिले आहे : 'हरभऱ्याला घाटे धरले की आमचे मामंजी रोज रात्री माळ्यावर जागलीला जातात. अंगात स्वेटर असतो, वर घोंगडी असते, तरी पहाटे घरी येतात ते काकडूनच. आता वय झाले, खोकला आहे. डुकरांच्या भीतीने जाणे बंद करता येत नाही. काही उपाय सुचवा.'

डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न पुष्कळ घरांत असतो. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत चार महिन्यांच्या कष्टांची माती करतात. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला 'घरी बसा' म्हणणे सोपे, पण पीक कोणी राखायचे? शक्य असेल तर घरातल्या तरुणांनी पाळी लावून घ्यावी, हे आधी सांगते. ते जमत नसेल तर पुढचे वाचा.

रात्री पाणी धरणारा माणूस आणि माळ्यावर बसणारा माणूस यांची थंडी सारखी नसते. पाणी धरणारा दारे मोडतो, फावडे मारतो, त्याचे अंग राबते म्हणून तापते. माळ्यावरचा माणूस नुसता बसतो. बसल्या अंगात उष्णता थोडीच तयार होते आणि वारा ती चहूबाजूंनी नेतो, माळ्याच्या खालून तर जास्तच. त्यातून मामंजी घरूनच सगळे कपडे अंगात घालून, डोक्यावर बोचके घेऊन निघत असतील. वाटेत घाम येतो, बंडी ओली होते, आणि मध्यरात्री ती ओली बंडीच हाडे गोठवते. सुती कपडा ओला झाला की ऊब धरत नाही. लोकर दमट झाली तरी थोडीफार धरते. आपली घोंगडी टिकून राहिली आहे ती उगीच नव्हे. धनगरी लोकर आणि वर चिंचोक्याची खळ, त्यामुळे वारा सहज आत येत नाही. तिचा दोष एकच. ती धरून ठेवायला एक हात अडकतो, आणि डबा वाजवायला किंवा बॅटरी मारायला उठले की ती खांद्यावरून सरकते.

अमेरिकेच्या उत्तरेकडे हरणांचे शिकारी हिवाळ्यात शून्याखालच्या थंडीत तासन्‌तास झाडावर बसतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि ती असावी, पण हलायचे नाही, बोलायचे नाही, उंचावर बसायचे, हे त्यांचे दुखणे आपल्या जागल्यासारखेच. त्यांच्यातले काही जण फळीवर न बसता कमरेखाली रुंद पट्ट्यांची झोळी बांधतात आणि दोराने बुंध्याला जखडून घेऊन तिच्यात टेकतात. थंडीसाठी ते डोक्यापासून पायापर्यंतचा जाड, कापूस भरल्यासारखा एक झगा वापरतात. तो गुंडाळून पाठीवर नेतात आणि झाडावर पोचून, घाम निवल्यावर मगच घालतात. अडचण दोराची येते. दोर झग्यावरून बांधला तर झग्यातली ऊब चेपते आणि पकड ढिली पडते. म्हणून पट्टा आत, झगा वर, आणि पोटापाशी ठेवलेल्या चिरेतून दोर बाहेर, अशी जुळणी ते करतात. ही जुळणी आपण जुन्या गोधडीत करू शकतो.

दोन जुन्या लुगड्यांची गोधडी घ्या. मध्ये फाटक्या स्वेटरचे किंवा कांबळ्याचे तुकडे पसरा. धावदोरा चार-चार बोटांवर घाला. फार दाट टाके घातले की आतली हवा चेपते, आणि ऊब धरते ती हवाच. वरून मांजरपाटासारखे घट्ट विणीचे कापड लावा. खताच्या पिशवीचे प्लॅस्टिक लावू नका. अंगाची वाफ त्यात अडकून पहाटे आतून सगळे ओले होते. दवासाठी प्लॅस्टिक हवे तर ते माळ्याच्या छपरावर टाकावे.

खोळीचा घेर चांगला पाच फूट ठेवा आणि लांबी खांद्यापासून घोट्याच्या खाली वीतभर. पुढून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत उघडी, एका पदरावर दुसरा पदर वीतभर चढेल अशी. बांधायला नाड्या लावा, पण सुरगाठीच्या, एका हिसक्यात सुटणाऱ्या. खालचे तोंड शिवून टाकू नका. पाय आखडल्यावर माणूस घाईने उठला तर तिथेच पडेल. पायांसाठी निराळे पोते घ्या, त्यात पाचट किंवा साळीचा पेंढा भरा. तसेच एक पोते बुडाखाली. शिडीवरून चढता-उतरताना खोळ अंगात कधीही नको, दोरीने आधी वर ओढून घ्यावी.

आता दोर. माळ्यावर डुलकी लागून माणसे पडतात, आणि ऊब मिळाली की डुलकी लवकर लागते. म्हणून खोळ शिवाल तर दोरही लावाच. खाटेची रुंद नवार सदऱ्यावरून कमरेला बांधा. बेंबीपाशी खोळीला चार बोटांची चीर ठेवा, तिला गोट घाला म्हणजे फाटणार नाही, वर झडप शिवा म्हणजे वारा शिरणार नाही. चिरेतून दोर काढून माळ्याच्या पक्क्या खांबाला बांधा. दोर इतका आखूड हवा की माळ्याच्या कडेपर्यंत पोचताच येऊ नये. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस लोंबकळला तर पोटाला आणि बरगड्यांना जबर इजा होते. वाळवीने खाल्लेल्या खांबाला दोर बांधण्यात अर्थ नाही, तेव्हा खांब आधी दिवसा ठोकून पाहावा.

शेगडी माळ्यावर नको. खोळीला ठिणगी लागली तर दोर सोडेपर्यंत उशीर होतो. ताडपत्रीने बंद केलेल्या जागी कोळसे ठेवले तर त्यांच्या वासरहित वायूने झोपेतच जीव जातो. दारूने अंग तापल्यासारखे वाटते खरे, पण रक्त कातडीकडे येते आणि आतली ऊब उलट बाहेर पडते. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासभर चहा द्यावा.

काही जण या सगळ्या कटकटीला कंटाळून कुंपणात वीज सोडतात. डुकराआधी त्याला चिकटतो तो पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी, नाहीतर आपलेच पोर. असे कोणाच्या मनात असेल तर घरातल्या बाईने ते होऊ देऊ नये.

खोळ रोज सकाळी उलटी करून उन्हात टाका. दमट खोळ दुसऱ्या रात्री निम्मी ऊबही देत नाही. ती माळ्यावर ठेवूनही येऊ नका, उंदीर दोन दिवसांत चाळण करतात. आणि मामंजींचा खोकला पंधरा दिवसांहून जुना असेल तर खोळीची वाट न पाहता त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकी तपासून घ्या.