उणे ३०५३६ रुपयांचा कापूस

अकोल्याच्या बाजारात ५ क्विंटल कापूस ७००० च्या भावानं विकला, तर हातात किती येतील? टर्बो सीमध्ये साधा इंट घेऊन गुणाकार करा. उत्तर येतं उणे ३०५३६. म्हणजे कापूस देऊन वर तीस हजारांचं देणं! (वऱ्हाडात हे कुणाला फारसं खोटंही वाटणार नाही.) सोळा बिटांच्या इंटमध्ये ३२७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, एवढंच कारण. पण अमरावती-अकोल्याच्या कितीतरी क्लासांत हे कारण सांगत नाहीत. निळ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणतात, "इंट काढ, लाँग टाक, अन् पुढं चाल."

माझं भांडण टर्बो सीच्या वयाशी नाही. कंपायलर ही बंद पेटी आहे आणि ती उघडणं आपलं काम नाही, असं शिकवण्याशी आहे.

त्याच डॉसवर डीजे डेलोरी यांनी १९८९ मध्ये जीसीसी आणायला घेतला. त्यातून डीजेजीपीपी झालं, सोर्स कोडसकट, इंट बत्तीस बिटांचा. पण तिथं वेगळीच पंचाईत होती. कीबोर्डचा इंटरप्ट आला आणि त्याला उत्तर देणारा कोड नेमका डिस्कवर स्वॅप झालेला असला, तर तो परत आणायला डॉस लागतं. आणि डॉस स्वतःच अर्ध्या कामात असलं तर मशीन तिथंच आडवं. म्हणून तेवढा कोड आणि डेटा आधीच मेमरीत कुलूपबंद करायचा. फंक्शन केवढं आहे हे कसं कळणार? त्याच्या लगेच खाली एक रिकामं फंक्शन लिहायचं आणि दोघांच्या पत्त्यांची वजाबाकी करायची. आता कंपायलरनं फंक्शनांचा क्रम बदलला तर? कुलूप भलत्याच दाराला. हा घोळ कंपायलरच्या आत डोकावल्याशिवाय सापडतच नाही.

डीबगिंगचं तेच. ऑप्टिमाइझ केलेल्या प्रोग्रामात जीडीबीला व्हेरिएबल विचारलं, की ते "ऑप्टिमाइझ्ड आउट" म्हणून हात वर करतं. २०१३ च्या जीसीसी ४.८ मध्ये -ओजी हा पर्याय आला, तो डीबगिंग सुसह्य राहावं म्हणूनच. कंपायलर आकाशातून पडत नाही, माणसं त्याला ठिगळं लावत असतात.

"आमच्या पोरांना प्लेसमेंट पाहिजे, हे कशाला?" असं ऐकवलं जातं. पुण्यात केपीआयटी कमिन्सनं रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीसीसीची साधनं वर्षानुवर्षं सांभाळली. तो पगारी धंदाच होता. पवईत आयआयटीच्या उदय खेडकरांनी जीसीसी आतून शिकवण्यासाठी केंद्र चालवलं. पवई वऱ्हाडापासून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

फायनल इयरला आयता विकत आणलेला "लायब्ररी मॅनेजमेंट" पुरे झाला. जीसीसीतला एखादा उघडा बग द्या. नाही सुटला तरी कुठं अडलं ते लिहून घ्या आणि त्यावर मार्क द्या. पॅच पाठवायला २०२१ पासून कॉपीराइट सोपवण्याचे कागदही लागत नाहीत, सही-ऑफची एक ओळ चालते. बाकी लागतो एक बरा संगणक, बिल्ड संपेपर्यंतचा धीर आणि लाइट न जाणारी एक रात्र. ती तिसरी गोष्ट तेवढी कॉलेजच्या हातात नाही.