बोट मोठं की बटण?

मंडळी, इंजिनिअर माणसाला एक खोड असते. आपण केलेली वस्तू तो आपल्याच टेबलावर तपासतो आणि 'झकास झाली' म्हणून मोकळा होतो. आम्हीही त्यातलेच. त्यात परदेशात एम.एस. केल्याचा टेंभा वेगळाच!

करामातल्या आमच्या एका वहिनी दिवाळीचा फराळ करून देतात. गेल्या वर्षी त्यांची वेबसाइट आम्ही हौसेने करून दिली. मोठ्या पडद्यावर काय तिचा थाट! पण दिवाळी आठ दिवसांवर आली तरी ऑर्डरी जेमतेमच. इकडे दहा किलो भाजणी दळून तयार. शेवटी शारजाहून एका मुलाचा फोन आला, "काकू, चकलीला बोट लावलं की करंजीच येते हो!" बिचाऱ्याने आमच्या साइटवर चित्रात लिहिलेला नंबर आधी कागदावर उतरवून घेतला होता. वहिनी आम्हाला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्वतः मोबाइलवरून मागवून बघितलंत का?"

नव्हतं बघितलं.

त्या रात्री बघितलं. अक्षरं मुंगीएवढी, बटणं एकमेकांना चिकटलेली, आणि फोटो इतके जड की प्रीपेडवाल्याचा डेटा फराळाआधीच फस्त!

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. पानाच्या सुरुवातीला 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ नसली, तर फोन ते संगणकाचं पान समजून आक्रसून दाखवतो. ती ओळ घातली. तीन रकान्यांचा एक रकाना केला. बटणं सुमारे ९ मिलिमीटरची केली, कारण बोटाला तेवढी जागा लागतेच. फोटो हलके केले. नंबर असा लिहिला की बोट लावताच फोन लागावा.

आपल्या दुबईत हे शहाणपण सरकारला आमच्याआधी सुचलं होतं. मे २०१३ मध्ये शेख मोहम्मद बिन राशिद यांनी सरकारी सेवा मोबाइलवर आणायला दोन वर्षांची मुदत दिली, आणि ज्यांना जमणार नाही त्यांचा निरोप समारंभ करू, असंही बजावलं. एप्रिल २०१५ पासून गूगलसुद्धा मोबाइलवरच्या शोधात फोनवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकतं माप देऊ लागलं. वहिनींनी आमचा निरोप समारंभ केला नाही, हे त्यांचे उपकार.

तेव्हा आपल्यापैकी कुणाचा क्लास असो, पोळीभाजीचा डबा असो की ट्रॅव्हल्सचं दुकान, एक करा. मेट्रोत उभं राहून, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आपल्याच साइटवर एक ऑर्डर देऊन बघा. मग तोच फोन आईच्या हातात द्या, आणि शेजारी गप्प बसा. गप्प बसणंच कठीण जातं!

शेवटच्या पाच दिवसांत वहिनींची बरीचशी भाजणी खपली. उरलेल्या चकल्या आम्ही घेतल्या. रीतसर मोबाइलवरून मागवून, आणि पैसे मोजून.