तीन गुणांचे गाणे

गाण्याने क्रांती होते काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत अधूनमधून डोके वर काढतो. कलापथकावर खर्च करावा की तोच पैसा शिबिरांना द्यावा, असा वाद एखाद्या जिल्हा बैठकीत निघाला की दोन पक्ष पडतात. लोकांना भावणारी प्रेमगीते ही मनोरंजनाच्या बाजारातली वस्तू आहे, तिच्यामागे लागून कार्यकर्त्याने वेळ दवडू नये, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचा गाण्यावर इतका विश्वास असतो की, चार स्फूर्तिगीते सभेपूर्वी झाली म्हणजे संघटनेचे निम्मे काम झाले, असे त्याला वाटते. या दोन्ही पक्षांनी पोर्तुगालच्या १९७४ सालच्या एका गाण्याची हकीगत नीट समजून घेण्याजोगी आहे. ती पुष्कळदा सांगितली जाते. पण सांगताना तिच्यातला चमत्कार तेवढा उचलला जातो आणि अर्थ मागे राहतो.

युरोपातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ आहे. त्याने १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांची एक गीतस्पर्धा भरवली. तीच पुढे युरोव्हिजन म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्यात गायक स्वतःच्या नावाने उतरत नाही. त्याच्या देशाची प्रसारण संस्था त्याला पाठवते. त्यामुळे गाणे एका व्यक्तीचे असले तरी ते देशाचे म्हणून गणले जाते. लोकशाही देशात याचा फारसा त्रास होत नाही. ज्या देशात प्रसारण संस्था हुकूमशहाच्या मुठीत असते तेथे मात्र 'देशाचे गाणे' म्हणजे कोणाचे गाणे, हा प्रश्न उभा राहतो.

पोर्तुगाल या स्पर्धेत प्रथम उतरला तो १९६४ साली, सालाझारच्या अमदानीत. कोपनहेगनच्या त्या कार्यक्रमात फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असा फलक घेऊन एक निदर्शक थेट रंगमंचावर आला. पोर्तुगालच्या गाण्याला त्या वर्षी एकही गुण मिळाला नाही. १९६७ साली पोर्तुगालने एदुआर्दो नासिमेंतो हा अंगोलात जन्मलेला कृष्णवर्णी गायक पाठवला. त्याच सुमारास पोर्तुगीज सैन्य अंगोलातील स्वातंत्र्ययोद्ध्यांशी लढत होते. गायकाचा यात काही दोष नाही. परंतु वसाहतींतील माणसांना माणूस म्हणून मोजण्यास तयार नसलेल्या राजवटीला त्या रात्री युरोपभर एक सोज्ज्वळ चेहरा दाखवता आला, हे खरे.

तथापि हुकूमशाहीच्या भिंतीलाही फटी असतात. आरी दोस सांतोस हा साम्यवादी कवी याच स्पर्धेसाठी गीते लिहीत असे. १९६९ सालच्या त्याच्या गीतात स्त्रीच्या शरीरसुखाचा निःसंकोच उल्लेख होता आणि त्यावरून सनातनी मंडळींत गदारोळ उठला. १९७३ सालच्या त्याच्या गीतात बैलझुंजीच्या मिषाने प्रस्थापित समाजाची टर उडवलेली होती. पोर्तुगालच्या सेन्सॉरची निळी पेन्सिल प्रसिद्ध होती. तिच्या तावडीतून ते गीत सुटले आणि सरकारच्याच प्रसारण संस्थेमार्फत परदेशी गेले. सेन्सॉर शब्द वाचतो. लोक ते शब्द कशाशी जोडून ऐकतात, हे त्याला वाचता येत नाही.

१९७४ सालचे गाणे मात्र असे धारदार नव्हते. त्याचे शीर्षक 'ई देपोईस दो आदेउस', म्हणजे 'आणि निरोपानंतर'. शब्द जुझे नीझा यांचे, संगीत जुझे काल्व्हारियो यांचे आणि गायक पाउलो द कार्व्हालो. प्रेम संपल्यावर एकाकी उरलेल्या माणसाचे ते मनोगत आहे. त्यात सरकार नाही, युद्ध नाही, भाकरीचाही उल्लेख नाही. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्पर्धा झाली. सतरा देश होते; प्रत्येक देशाचे दहा परीक्षक आणि प्रत्येक परीक्षकाला एक मत. स्वीडनचा 'आबा' हा वाद्यवृंद चोवीस गुण मिळवून पहिला आला. एकशे सत्तर मतांपैकी पोर्तुगालच्या वाट्याला तीन आली. नॉर्वे, पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यासह ते गाणे शेवटच्या क्रमांकावर राहिले. बाजाराच्या हिशेबाने प्रकरण तेथेच संपले होते.

यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री, अकराला पाच मिनिटे कमी असताना, लिस्बनच्या एका केंद्रावरून हेच गाणे लागले. घराघरांत ते ऐकणाऱ्यांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. निरनिराळ्या छावण्यांत रेडिओला कान लावून बसलेल्या तरुण सैनिकी अधिकाऱ्यांना मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता : सज्ज व्हा. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी, देशभर ऐकू जाणाऱ्या 'रादियो रेनासेंसा' या कॅथलिक चर्चच्या केंद्रावरून दुसरे गाणे लागले, 'ग्रांदोला, व्हिला मोरेना'. त्याचा अर्थ होता : निघा, आता माघार नाही. पंचवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत सालाझारचा वारस मार्सेलो काएतानो शरण आला होता आणि युरोपातील सर्वांत दीर्घायुषी हुकूमशाहींपैकी एक कोसळली होती.

ही दोन गाणी परस्परांहून अगदी भिन्न आहेत, आणि हाच या हकीगतीतला शिकण्याजोगा भाग आहे. ग्रांदोला हे दक्षिण पोर्तुगालमधले, शेतमजुरांच्या मुलखातले एक गाव. तेथे कामगारांनी चालवलेली संगीत मंडळी होती. १९६४ साली जुझे आफोन्सो हा गायक तेथे गेला, त्या मंडळीतील बंधुभाव पाहून भारावला आणि त्यातून हे गीत जन्मले. आफोन्सोची अनेक गाणी बंद होती. मार्च १९७४ च्या अखेरीस लिस्बनच्या एका मोठ्या सभागृहात मैफल झाली, तेव्हा त्याच्या कित्येक गीतांना सेन्सॉरने मनाई केली आणि 'ग्रांदोला' तेवढे सोडले. हजारो श्रोत्यांनी ते एकमुखाने गायले. त्या श्रोत्यांत बंडाच्या तयारीतले काही अधिकारीही होते.

पहिल्या संकेतासाठीही आफोन्सोचेच गाणे घ्यावे, असा विचार आधी झाला होता. परंतु संशयाला जागा नको होती. ज्या गाण्याकडे पोलीस, सेन्सॉर, केंद्राचा व्यवस्थापक यांपैकी कोणीही दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही, असेच गाणे हवे होते. महिन्याभरापूर्वी देशभर गाजलेले, सरकारी संस्थेनेच परदेशी पाठवलेले आणि वर हरून आलेले प्रेमगीत याहून अधिक निरुपद्रवी काय असणार? अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वस्तूचे विनिमयमूल्य आणि उपयोगमूल्य यांतील भेद शिकवत असू. त्याचे याहून सुबोध उदाहरण मला पाठ्यपुस्तकांत आढळले नाही. ब्रायटनच्या बाजारात त्या गाण्याची किंमत तीन गुण ठरली. लिस्बनमध्ये त्याचा उपयोग परीक्षकांच्या तक्त्यात बसणारा नव्हता.

पण येथेच थांबलो तर आपण चमत्काराच्या कथेत अडकू. गाण्याने क्रांती केली नाही. क्रांतीची तयारी युद्धाने केली होती. १९६१ साली अंगोलात, १९६३ साली गिनीत आणि १९६४ साली मोझांबिकमध्ये सशस्त्र लढे सुरू झाले. पश्चिम युरोपातील सर्वांत गरीब देशांपैकी एक असलेला पोर्तुगाल या तीन आघाड्यांवर सरकारी खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा ओतत होता. आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मेले. आफ्रिकेतील मृतांची संख्या कितीतरी मोठी होती. सक्तीची लष्करी सेवा आणि दारिद्र्य यांना कंटाळून लक्षावधी माणसे फ्रान्स, जर्मनीकडे निघून गेली. त्यातच १९७३ सालच्या एका वटहुकुमाने बढतीच्या प्रश्नावर मधल्या फळीतील अधिकारी दुखावले. त्यांच्या बैठका आपल्या सेवाशर्तींच्या तक्रारीपासून सुरू झाल्या आणि वर्षाच्या आत युद्ध थांबवण्याच्या व राजवट उलथण्याच्या निर्णयापर्यंत पोचल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये जनरल स्पिनोला यांनी पुस्तक लिहून, हे युद्ध शस्त्रांनी जिंकता येणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. मार्चमध्ये एक उठाव फसला. हे सगळे आधी होते, गाणे नंतर.

आणि गाण्यानंतरही एक गोष्ट घडायची होती. पंचवीस तारखेला उठावाचे अधिकारी नभोवाणीवरून पुनःपुन्हा सांगत होते की नागरिकांनी घरीच राहावे. लोकांनी ते ऐकले नाही. ते रस्त्यावर आले, सैनिकांना त्यांनी खाऊपिऊ घातले, बंदुकीच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोचली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चार नागरिक मृत्युमुखी पडले, तरीही गर्दी हटली नाही. लष्करी उठावाचे जनक्रांतीत रूपांतर झाले ते या आज्ञाभंगामुळे. वर्षभराने, २५ एप्रिल १९७५ रोजी, संविधान सभेसाठी मतदान झाले तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले. नंतरच्या काळात पोर्तुगालचे समाजवादी स्वप्न पुष्कळसे विरले, अंगोला स्वतंत्र होताच यादवीत सापडला, हेही विसरता येत नाही. तथापि तुरुंगांची दारे उघडली आणि आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्या, एवढे श्रेय त्या एप्रिलचे निर्विवाद आहे.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. लिस्बनची निळी पेन्सिल गोव्यातही चालत होती. तेथे लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १९४६ साली लोहियांनी मडगावात जी ठिणगी टाकली ती याच राजवटीविरुद्ध. नानासाहेब गोरे, मधु लिमये यांनी गोव्यात तुरुंगवास भोगला तो हिच्याच हुकमाने. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात १९६९ पर्यंत खितपत पडले. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी खटपट झाली तिच्यात एक संगीतकार, सुधीर फडके, अग्रभागी होते. त्यांची राजकीय वाट आपल्याहून वेगळी होती, म्हणून त्यांचे हे ऋण मानण्यात आपण कुचराई करू नये. सालाझार आणि काएतानो यांच्या पोर्तुगालने गोव्याची मुक्ती शेवटपर्यंत मान्य केली नाही. ती मान्यता आली ३१ डिसेंबर १९७४ रोजी, दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारियो सोआरिस यांनी करारावर सह्या केल्या तेव्हा. सोआरिस हे समाजवादी नेते. एप्रिलपूर्वी ते परदेशी विजनवासात होते. गोव्यातील सत्याग्रही सांगत असत की आपला लढा पोर्तुगीज जनतेशी नाही. त्या म्हणण्याची सत्यता पोर्तुगीज जनतेनेच सिद्ध केली.

गाण्याला भिण्याची राज्यकर्त्यांची रीत हुकूमशाहीपुरतीच आहे, असेही नाही. त्याच १९७४ साली इटलीच्या गाण्याचे नाव 'सी', म्हणजे 'होय', असे होते. मे महिन्यात तेथे घटस्फोटाच्या कायद्यावर सार्वमत व्हायचे होते. तेव्हा एका प्रेमगीतातला 'होय' मतदारांना फितवील, या भयाने इटलीच्या दूरचित्रवाणीने स्पर्धेचे प्रक्षेपणच रोखले. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमार यांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमास नकार देताच त्यांची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. त्या गाण्यांतही बहुतांशी प्रेमच होते. सत्तेला जे गाणे धोक्याचे वाटते ते बहुधा निरुपद्रवी असते, आणि ज्याकडे ती दुर्लक्ष करते त्याच्यावर बंडाची घटका ठरते.

मग आपल्या वादाचे काय? लोकांच्या ओठांवरचे गाणे हलके म्हणून झिडकारणे ही कार्यकर्त्याची चूक ठरेल. आपल्या परंपरेने ती केलेली नाही. विरहाच्या लावणीचा बाज घेऊन अण्णा भाऊ साठे यांनी 'माझी मैना' ही छक्कड रचली आणि संयुक्त महाराष्ट्राची व्यथा गावोगावी नेली. अमर शेखांचा आवाज ज्या सभांत घुमला तेथे लोक आधी गाण्यासाठी जमले आणि मग भाषणासाठी थांबले. पण त्या कलापथकांच्या मागे गिरणी कामगारांची संघटना होती, किसान सभा होत्या, तुरुंगात जाण्यास तयार असलेली माणसे होती. ते पाठबळ नसेल तर उत्तमातले उत्तम स्फूर्तिगीत सभेच्या आरंभीचा एक उपचार होऊन राहते.

आज गाण्याची बाजारपेठ पूर्वीपेक्षा फार मोठी आहे. लिस्बनमध्ये १९७४ साली एक निवेदक आणि एक तबकडी पुरली. आज कोणते गाणे कोणाच्या कानी पडावे, हे मूठभर कंपन्यांची यंत्रे ठरवतात आणि पसंतीचे आकडे हेच गुणवत्तेचे प्रमाण मानले जाते. त्या स्पर्धेचे नियम अजूनही राजकारणाला मज्जाव करतात. २०१७ साली पोर्तुगालचा साल्व्हादोर सोब्राल ती जिंकला, देशाच्या पदार्पणानंतर त्रेपन्न वर्षांनी. परंतु निर्वासितांना साहाय्य मागणारा सदरा त्याने पत्रकार परिषदेत घातला, तेव्हा आयोजकांनी हरकत घेतली. विजयाचे कौतुक जरूर व्हावे. पण पोर्तुगालमध्ये दर २५ एप्रिलला रस्त्यावर उतरणाऱ्या माणसांना आठवण होते ती 'ग्रांदोला'ची आणि त्या तीन गुणांच्या गाण्याची.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत कलापथकाचा विषय निघेल तेव्हा, गाणी क्रांतिकारक आहेत की नाहीत, याची चर्चा थोडी आवरती घ्यावी. आपल्या तालुक्यातली माणसे सध्या काय गुणगुणतात, हे आपल्याला ठाऊक आहे का, आणि संकेत मिळताच घराबाहेर पडतील अशी किती माणसे आपण जोडली आहेत, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तर गाणे कोणतेही चालेल.