पडद्याकडे पाठ फिरवलेला प्रेक्षक

१२ नोव्हेंबर २०२३. लक्ष्मीपूजनाचा रविवार. मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात रात्रीच्या खेळाला ‘टायगर ३’ सुरू होता. सलमान खान पडद्यावर आला आणि खुर्च्यांच्या मधोमध फटाके पेटले, रॉकेटं सुटली. ठिणग्या छताच्या दिशेने उडाल्या, वाट फुटेल तिकडे माणसं धावत सुटली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात न घालता सिनेमाचा आनंद घ्या, अशी विनंती खुद्द सलमानला करावी लागली. २०२१ मध्ये महेश मांजरेकरांच्या ‘अंतिम’च्या वेळीही त्याने हेच सांगितलं होतं. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या चाहत्यांनी त्याचं ऐकलं नाही.

बंद सभागृहात आगीने काय होतं, ते या देशाने पाहिलेलं आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ‘उपहार’मध्ये ‘बॉर्डर’चा खेळ चालू असताना धूर कोंडला आणि ५९ माणसं गेली. तिथली आग इमारतीतल्या ट्रान्सफॉर्मरची होती, प्रेक्षकांनी लावलेली नव्हती. मालेगावात मात्र तिकीट काढून आलेल्यांनीच शेजारच्या खुर्चीतल्या माणसांच्या अंगावर आग सोडली. याला चाहत्यांचं प्रेम म्हणून पाठीशी घालण्यात अर्थ नाही.

अशा घटनांची बातमी होते. रोजच्या खेळाला जे चालतं, त्याची होत नाही. दोन रांगा पुढचा माणूस दर पाच मिनिटांनी मोबाइल काढून व्हॉट्सॲप चाळतो. बाजूचं जोडपं घराच्या हप्त्यांचा हिशेब करत असतं. मागच्याचे पाय पुढच्याच्या पाठीला लागलेले असतात. कोणाचा तरी फोन वाजतो आणि तो उचलून ‘पिक्चरला आलोय, बोल’ असं म्हणत संभाषण सुरू राहतं. रात्री उशिराच्या खेळाला आणलेलं दोन वर्षांचं मूल कंटाळून रडतं, त्यात त्या मुलाचा काहीच दोष नसतो. यातल्या कशानेही जीव जात नाही. पण तिकीट, पार्किंग आणि खाण्यापिण्यासाठी खिसा रिकामा करून आलेल्या कुटुंबाचे अडीच तास वाया जातात आणि त्याची भरपाई कोणी करत नाही.

मोबाइलच्या उजेडाची तक्रार केली की ‘एवढ्याशा उजेडाने काय होतंय’ असं उत्तर मिळतं. काय होतं, ते आकड्यांत सांगता येतं. डिजिटल सिनेमाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कँडेला इतकीच असते. हातातल्या साध्या मोबाइलचा पडदा पूर्ण उजेडावर ठेवला तर ती चारशे-पाचशेच्या घरात जाते, महागड्या फोनमध्ये त्याहूनही पुढे. म्हणजे अंधारात उघडलेला फोन सिनेमाच्या पडद्यापेक्षा कैक पटींनी प्रखर असतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, त्यामुळे मागच्या चार-पाच रांगांचे डोळे आपोआप तिकडे ओढले जातात. तिथे लक्ष द्यायचं नाही असं ठरवूनही ते जमत नाही, कारण डोळा उजेडाकडेच वळतो.

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये अखेरीकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, दारं लावली जातात आणि पडदा काही क्षण काळोखात बुडतो. तो काळोख हा त्या चित्रपटाच्या आशयाचाच भाग आहे. त्या क्षणी कोणी ‘संपला वाटतं’ म्हणत मोबाइलची विजेरी लावली, तर सगळ्या सभागृहाचं ते दृश्य पुसलं जातं.

मग प्रेक्षकांनी देवळात बसल्यासारखं हात जोडून गप्प बसायचं का? मुळीच नाही. आपल्याकडचा प्रेक्षक कधीच गप्प बसणारा नव्हता आणि त्याने तसं बसूही नये. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, तो भक्तिभावाने येणाऱ्या गर्दीच्या बळावर. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ला माणसं चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर नाणी आणि फुलं उधळत. जत्रेतल्या तंबूत शिट्ट्या झाल्या नाहीत तर खेळ पडला असं समजत. दादा कोंडकेंच्या एकेका वाक्यावर थिएटर असं हसायचं की पुढचं वाक्य ऐकायला माणसं पुन्हा तिकीट काढायची. मुंबई सेंट्रलच्या ‘मराठा मंदिर’मध्ये ऑक्टोबर १९९५ पासून ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ चालू आहे आणि तिथे येणारे कित्येक जण पात्रांच्या आधी संवाद म्हणतात. तिथे त्याचा कोणाला जाच होत नाही, कारण सगळे त्याचसाठी आलेले असतात.

गोंगाट दोन प्रकारचा असतो. एक पडद्याकडे तोंड करून केलेला, दुसरा पडद्याकडे पाठ फिरवून केलेला. पहिल्यात सगळं सभागृह सामील असतं. दुसऱ्यात एक माणूस उरलेले सर्व जण तिथे नाहीतच असं समजतो.

हा फरक नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’ने जितका स्वच्छ दाखवला, तितका दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटाने दाखवला नसेल. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला आणि गावोगावच्या थिएटरांत ‘झिंगाट’ला माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचली. आयाबाया, पोरंटोरं, सगळी. त्या धिंगाण्याला असभ्य म्हणणारा माणूस सिनेमाला ओळखतच नाही. आणि हीच माणसं शेवटच्या प्रसंगात जागच्या जागी थिजली. तिथे दिग्दर्शकाने चित्रपटातला आवाजच काढून घेतला आहे. पार्श्वसंगीत नाही, हुंदका नाही, काही नाही. अडीच तास ज्यांनी घसा फाडून आरोळ्या ठोकल्या, त्यांना कधी गप्प व्हायचं हे कोणी शिकवावं लागलं नाही, कारण ते चित्रपटासोबत होते. त्या मिनिटाला एखाद्याची रिंगटोन वाजली, तर ज्यांनी ती ऐकली त्यांचा ‘सैराट’ कायमचा वेगळा झाला.

आता चित्रपटासोबत असल्याचा पुरावा म्हणून मोबाइल वर धरण्याची रीत पडली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला तेव्हा थिएटरांत लहान मुलांनी दिलेली गारद आणि त्यांच्या डोळ्यांतून वाहणारी धार खरी होती. पण त्या रडणाऱ्या मुलांच्या तोंडावर कॅमेरे धरणारे मोठेही तिथेच होते. भरूचमध्ये तर एकाने संतापाच्या भरात पडदाच फाडला. संभाजीराजांच्या हालांनी तो कळवळला असेल, पण त्याच्यासोबत कळवळणाऱ्या बाकीच्यांचा खेळ त्याने बंद पाडला, हा त्यांच्यावर अन्यायच होता.

नायकाची एंट्री, शेवटची मारामारी, नावांच्या पाटीनंतरचं दृश्य मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवणं अनेकांना निरुपद्रवी वाटतं. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटाची किंवा त्यातल्या काही भागाची बेकायदा प्रत करण्याच्या हेतूने थिएटरात चित्रण करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड, जो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पंधरा सेकंदांच्या स्टेटससाठी कोणी तुरुंगात जाईल असं नाही. तरीही ज्याने अजून तिकीट काढलेलं नाही, त्याच्यापासून शेवट हिरावून घ्यायचा हक्क या पंधरा सेकंदांना कोणी दिला, हा प्रश्न उरतोच.

सगळा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणं मात्र सोपं आणि अर्धवट आहे. थिएटरवाल्यांनी हे वागणं वाढीला लावलं आहे. एके काळी प्रत्येक दाराशी बॅटरी घेतलेला डोअरकीपर असे. उशिरा आलेल्याला तो जागेवर नेऊन बसवी आणि दंगा करणाऱ्याच्या तोंडावर बॅटरीचा झोत टाकी. आज मल्टिप्लेक्समध्ये दिवे गेल्यानंतर आत येणारा कर्मचारी नाचोजचा ट्रे घेऊन आलेला असतो. खुर्चीवर चिकटवलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपून ऑर्डर द्या, असं थिएटरच सुचवतं. म्हणजे एकीकडे पडद्यावर ‘मोबाइल बंद ठेवा’ची सूचना आणि दुसरीकडे तोच मोबाइल चालू करायचं आमंत्रण.

उशिरा येणाऱ्यांचंही तसंच. तिकिटावर छापलेल्या वेळेला सिनेमा सुरू होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. बंगळुरूमधल्या एका प्रेक्षकाने सुमारे २५ मिनिटं जाहिराती दाखवल्याबद्दल मल्टिप्लेक्स कंपनीविरुद्ध तक्रार केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्राहक आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचं जे व्हायचं ते होवो, पण वेळेवर येणाऱ्याला शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला सूट, अशी ही व्यवस्था आहे. मग अंधारात ‘जी बारा कुठे?’ विचारत पावलं तुडवणाऱ्यांची रांग लागली तर नवल नाही.

नियम करायचा अधिकार आपल्याला नाही, असं थिएटरमालक म्हणू शकत नाहीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे की नाही, या वादात जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चित्रपटगृह ही मालकाची खासगी मालमत्ता आहे आणि तिथल्या अटी तो ठरवू शकतो. पिण्याचं पाणी तेवढं मोफत द्यावं लागेल. घरून आणलेल्या डब्याला दाराशी अडवण्यासाठी जो अधिकार तत्परतेने वापरला जातो, तोच अंधारात पेटलेल्या मोबाइलसाठी वापरता येतो. डब्याच्या बंदीने पॉपकॉर्न विकला जातो, मोबाइलच्या बंदीने काही विकलं जात नाही, इतकाच फरक.

हे धाडस केलेली मंडळी जगात आहेत. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात टिम आणि कॅरी लीग या दांपत्याने १९९७ मध्ये ‘अलामो ड्राफ्टहाउस’ सुरू केलं. जागेवर जेवण मिळण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या थिएटरात बोलण्याला आणि मेसेज करण्याला बंदी. एकदा ताकीद, मग थेट बाहेर, पैसे परत नाहीत. वर्षानुवर्षं तिथे जेवणाची ऑर्डरही कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून द्यायची पद्धत होती, म्हणजे कुजबुजसुद्धा नको. २०११ मध्ये बाहेर काढलेल्या एका प्रेक्षक बाईंनी फोनवर संतापून निरोप ठेवला, तर थिएटरने त्याचीच जाहिरात केली. उलट २०१६ मध्ये एएमसी या मोठ्या कंपनीच्या प्रमुखांनी तरुणांना ओढण्यासाठी काही सभागृहांत मेसेज करायला मुभा देण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा लोक इतके भडकले की दोन-तीन दिवसांत तो विचार मागे घ्यावा लागला. कडक नियमांनी प्रेक्षक तुटतो, ही भीती त्यामुळे खरी वाटत नाही.

महाराष्ट्रात हा लढा आधी रंगभूमीने लढला. २०१९ मध्ये नाशिकच्या कालिदास कलामंदिरात फोन वाजत राहिल्याने सुमीत राघवन आणि क्षिती जोग यांनी ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग थांबवला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी, हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच सोडावं लागेल, असं उघडपणे म्हटलं. रंगमंचावरचा नट थांबून प्रेक्षकाकडे पाहू शकतो. सिनेमातला नट थांबू शकत नाही, रीळ पुढे जातच राहतं. त्याच्या वतीने बोलायचं ते शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने, आणि तो बोलला की ‘तुम्ही घरी बघा ना’ असं ऐकून घेण्याची, प्रसंगी हातघाईची तयारी ठेवायची. एकट्यादुकट्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून ते गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

मराठी चित्रपटाचं यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. त्याला खेळ मिळतात मोजके, तेही आडवेळेचे. त्यातला प्रत्येक प्रेक्षक ठरवून, वेळ काढून आलेला असतो. त्यातले काही जण वैतागून ‘ओटीटीवर येईल तेव्हा पाहू’ म्हणू लागले की खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि दुसऱ्या आठवड्यात खेळ उतरतो.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. आपल्याकडे मध्यंतर असतं. हॉलिवूडच्या प्रेक्षकाला ही सोय नाही, आपल्याला आहे. कुठल्याही मेसेजला साधारण सव्वा तास थांबायचं असतं, अडीच तास नव्हे. ज्यांना खरोखर फोन लागू शकतो, त्या डॉक्टरांनी किंवा घरी आजारी माणूस असलेल्यांनी कडेची खुर्ची घ्यावी आणि थरथर जाणवली की बाहेर जाऊन बोलावं, कोणाचीच हरकत नसेल. थिएटरांनी तिकिटावर सिनेमा सुरू होण्याची खरी वेळ छापावी. दिवे गेल्यावर किमान पहिली वीस मिनिटं आणि मध्यंतरानंतरची दहा मिनिटं एक माणूस आत उभा ठेवावा, ट्रेशिवाय. तक्रार कोणाकडे करायची, ते दाराशी ठळक मराठीत लिहावं. एका ताकिदीनंतर बाहेर काढायचा नियम करावा आणि तो पाळावा. याला मोठा खर्च नाही, शासनाची परवानगी नको, नवा कायदाही नको. येत्या शुक्रवारच्या पहिल्या खेळापासून हे सुरू करता येईल, आणि ते सुरू करणाऱ्या थिएटराचं तिकीट चार पैसे महाग असलं तरी काढणारे प्रेक्षक या महाराष्ट्रात भरपूर आहेत.