डावा कोपरा ऑगस्टमध्येच रिकामा झाला

निदानरेषा : साप्ताहिक खेळस्तंभ

रविवारी, 29 डिसेंबर 2024 ला, प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना पुण्यात बालेवाडीला झाला. हरयाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला 32-23 असं हरवलं आणि पहिल्यांदाच करंडक नेला. याच हरयाणाला 1 मार्चला हैदराबादेत 28-25 असं नमवून पुणेरी पलटण विजेती झाली होती. या वेळी अंतिम सामना घरच्या सभागृहात आणि पलटण प्रेक्षकांत. बारा संघांत आठवी. साखळीत आधीच्या हंगामात 96 गुण, या हंगामात 60. वर करंडक उचलणाऱ्या हरयाणाच्या रांगेत मोहम्मदरेझा शादलू उभा, म्हणजे दहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या रांगेत उभा होता तोच. हे सगळं एकाच रात्री बघायला लागणं जरा जास्तच झालं.

मराठवाड्याला या लीगमध्ये स्वतःचा संघ नाही. त्यामुळे आपल्याकडची पोरं पलटण आणि यू मुंबा यांत वाटली गेली आहेत, आणि पैठणात पलटणवाले जास्त. कारण अस्लम इनामदार. गोदावरी ओलांडली की शेवगाव तालुका, आणि तिथून नगर जिल्हा सुरू (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय नाही). नदीपलीकडच्या जिल्ह्यातला पोरगा हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन येतो, पुण्याचा कर्णधार होतो, दहाव्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरतो, तेव्हा तो आपलाच असतो.

म्हणून या हंगामात काय बिघडलं, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे: अस्लमचा गुडघा. नोव्हेंबरमध्ये तो दुखावला, अस्लम उरलेल्या हंगामाला मुकला, कर्णधारपद आकाश शिंदेकडे गेलं आणि गाडी घसरली. यू मुंबावाले तर हे सांगताना हळहळतातसुद्धा. पाचवे येऊन बाद फेरीत पाटण्याकडून पहिल्याच सामन्यात हरलेल्यांना हळहळणं परवडतं.

मला हे उत्तर पटत नाही. डिसेंबर 2022 आठवा. नवव्या हंगामाच्या बाद फेरीत अस्लम जायबंदी होता आणि मोहित गोयतही. दोन बिनीचे चढाईपटू बाहेर. तरी पलटणने उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजला 39-37 असं हरवलं. पंकज मोहितेने एकट्याने 16 गुण आणले. मुंबईतला अंतिम सामनाही जयपूरकडून 33-29 असा गेला, म्हणजे अवघ्या चार गुणांनी. अस्लमशिवाय संघ इतका लांब गेला, कारण डाव्या कोपऱ्यात कर्णधार फझल अत्राचली उभा होता.

पुढच्या लिलावात फझल गुजरातकडे गेला. पण पुण्याने तो कोपरा ओस पडू दिला नाही. 2 कोटी 35 लाख मोजून दुसरा इराणी आणला, शादलू. त्याने त्या हंगामात पकडींचे 99 गुण घेतले आणि पलटण विजेती झाली. मग आला ऑगस्ट 2024 चा लिलाव. शादलू 2 कोटी 7 लाखांना हरयाणाकडे गेला, आणि या वेळी त्या तोडीचा दुसरा कुणी आला नाही. संघाला एकूण खर्चायला पाच कोटी, त्यातले दोन एका माणसावर कसे घालायचे, हा हिशोब मला समजतो. पण आधीच्या वर्षी याच संघाने तो घातला होता आणि त्याचं फळही खाल्लं होतं.

कोपऱ्यातल्या एका माणसाचं एवढं काय, असं विचारणाऱ्यांनी चढाईपटूच्या बाजूने बघावं. कबड्डीत बाद झालेला गडी आपोआप परत येत नाही. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की तो उठतो. अस्लम पकडला गेला की शादलू पुढच्याच चढाईत कुणाचा तरी घोटा धरायचा, आणि अस्लम पुन्हा आत. चढाईपटू बिनधास्त निदानरेषेच्याही खूप पलीकडे जायचे ते या भरवशावर. तो भरवसा नसला की तोच चढाईपटू निदानरेषेशीच घुटमळतो, वेळ काढतो आणि तिसऱ्या, करो या मरोच्या चढाईत अडकतो. शिवाय शादलू वेळ पडली तर स्वतः चढाईलाही जायचा. उजव्या कोपऱ्यात गौरव खत्रीचा हंगाम काही वाईट गेला नाही. पण दोन्ही कोपऱ्यांची धास्ती असली तरच समोरचा चढाईपटू बिचकतो. एकच भारी असला तर तो सरळ दुसऱ्या अंगाने येतो. अस्लमचा गुडघा एरवीही महागच पडला असता. या हंगामात तो परवडेनासा झाला.

विजेत्यांचं असं होतंच, असंही कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पाटणा लागोपाठ तीन वेळा जिंकून सहाव्या हंगामात प्लेऑफबाहेर राहिला, तेही परदीप नरवाल संघात असताना. बंगालने 2019 मध्ये करंडक घेतला आणि पुढच्या हंगामात प्लेऑफ गाठता आली नाही. त्या बंगालचे प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. तेव्हा पलटणचेही तेच. विजेतेपदानंतरची घसरण त्यांनी दोनदा जवळून पाहिली. लिलावाच्या टेबलावर त्यांचा शब्द किती चालत होता, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

या एका हंगामावरून पलटणची सगळी पद्धतच मोडीत काढा, असा सूर निघू लागला, तो मात्र चुकीचा होता. पहिल्या दोन हंगामांत, 2014 आणि 2015 ला, हा संघ तळाला होता. तेव्हापासून इथवर तो आला, त्यात कोवळी पोरं हाताशी धरून वाढवण्याचा मोठा वाटा आहे. अस्लम, मोहित, आकाश, पंकज ही त्यातलीच. पोरांवर भरवसा टाका, जरूर टाका. पण त्यांच्या पाठीशी एक मुरलेला, भांडखोर कोपरारक्षक लागतो. पलटणच्या 2022 आणि 2024 च्या अंतिम फेऱ्या तसा माणूस असतानाच आल्या.

हंगाम संपताच, पुढच्या लिलावात अस्लमला ठेवणार का, याची चर्चा पैठणात सुरू झाली. त्याला ठेवतील, ती काळजी मला नव्हती. लिलावाच्या दिवशी डाव्या कोपऱ्यासाठी पुण्याचा हात कितीपर्यंत वर राहतो, माझं लक्ष तिकडे होतं.

– निदानरेषा, पैठण