‘सोय नाही’ हे कारण नव्हे, निर्णय आहे

अंटार्क्टिकाचे वादळ स्त्री-पुरुष पाहून वाहत नाही. तिथली थंडी सर्वांना सारखीच जीवघेणी. तरीही १९६९ पर्यंत अमेरिकेच्या सरकारी मोहिमेतून महिला संशोधकांना त्या खंडावर जाता येत नव्हते. वाहतूक नौदलाच्या हाती होती आणि नौदलाचे उत्तर ठरलेले: महिलांसाठी तिथे सोय नाही!

ओहायो स्टेट विद्यापीठातील भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स यांचा अभ्यास अंटार्क्टिकाचाच. पण पीएच.डी.साठी त्यांना पुरुष सहकाऱ्यांनी आणलेल्या नमुन्यांवर काम करावे लागले. म्हणजे बाईची बुद्धी चालत होती, पाय चालत नव्हते! अखेर १९६९ मध्ये त्या चार महिलांचे पथक घेऊन तिथल्या बर्फविरहित कोरड्या दऱ्यांत उतरल्या. तंबूत राहिल्या, दगड फोडले, नमुने गोळा केले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सहा महिला दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. ‘पहिली कोण’ हा वादच नको म्हणून हातात हात घालून सगळ्या एकदम विमानातून उतरल्या.

आता विचारा, त्या एका वर्षात बर्फ वितळला होता का? थंडी कमी झाली होती का? काहीच बदलले नव्हते. बदलला फक्त निर्णय. शिवाय सोव्हिएत सागरी भूवैज्ञानिक मारिया क्लेनोव्हा १९५६ मध्येच तिथल्या किनाऱ्याच्या नकाशांवर काम करत होत्या. मग सोय नव्हती की इच्छा नव्हती?

आपल्याकडे १९८३च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळते, ‘पहिल्या भारतीय महिला’. मुले ती पाठ करतात. पण त्याआधीच्या दोन मोहिमांत एकही महिला का नव्हती, हे कुणी विचारत नाही.

मी शिक्षक आहे. उर्दू माध्यम असो की मराठी, विज्ञानात हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते तेव्हा हेच ऐकू येते: कॉलेज लांब आहे, वसतिगृह नाही, सोय नाही. मुलासाठी मात्र तीच सोय कर्ज काढून केली जाते.

तेव्हा महिला दिनाला या शास्त्रज्ञांचे फोटो लावणाऱ्यांनो, हार नंतर घाला. आधी मुलींच्या वसतिगृहाचे आणि एसटीचे काय केलेत, ते सांगा.